जेनवे मेली, परत आली, आणि पडद्यावर मेलीच नव्हती: स्टार ट्रेक कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचायच्या?

नेब्युलातली_कॉफी

स्टार ट्रेकच्या टीव्ही मालिकांपैकी व्हॉयेजरचे सातही सीझन आणि प्रॉडिजीचे दोन्ही पाहून झालेत. आता कादंबऱ्यांकडे वळायचंय, पण उंबरठ्यावरच अडखळायला होतंय. 'बिफोर डिसऑनर' (२००७) मध्ये व्हॉयेजर जहाजाची एकेकाळची कप्तान, ॲडमिरल जेनवे मरते. 'द इटर्नल टाइड' (२०१२) मध्ये ती परत येते. प्रॉडिजीत मात्र २३८३ साली ती धडधाकट आहे, डॉन्टलेस जहाजावर आहे आणि मेल्याचा कुठे उल्लेखही नाही.

विचारायचंय ते असं. मृत्यूपासून परतण्यापर्यंतचा भाग समजायला नेमकी कोणती पुस्तकं लागतात आणि कोणती सोडली तर चालतात? प्रॉडिजीशी हे जुळवायचं कसं, की जुळवूच नये? आणि जाणकारांचं मत हवंय: पाच वर्षांनी पात्र उठवलं, तर मधल्या पुस्तकांतल्या शोकाला काही अर्थ उरतो का?

कथा फुटली तरी चालेल, मोकळेपणाने लिहा.

---

वॉर्प_सात

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचं सोपं होतं.

स्टार ट्रेकमध्ये नियम सरळ आहे. पडद्यावर जे दिसलं ते कॅनन, म्हणजे अधिकृत कथा. कादंबरी, कॉमिक, गेम यांतलं काहीही पडद्यावर बंधनकारक नाही. पॉकेट बुक्स १९७९ पासून या कादंबऱ्या काढतंय. प्रत्येक पुस्तकाचा आधी आराखडा आणि मग पूर्ण हस्तलिखित हक्कदारांकडे मंजुरीला जातं. ही मंजुरी एकाच दिशेने चालते. पुस्तकाने पडद्याशी जुळवून घ्यायचं, पडद्याने पुस्तकाशी नाही. एक कादंबरी दुसरीशी जुळलीच पाहिजे, असंही या नियमात कुठे नाही. २००१ पासून जी सलग कादंबरी-सृष्टी उभी राहिली, ती संपादक आणि लेखकांनी आपणहून सांभाळली. डीप स्पेस नाइनची 'अवतार' ही दोन भागांतली कादंबरी तिची सुरुवात. पुढे जवळपास वीस वर्षं नेक्स्ट जनरेशन, टायटन, व्हॉयेजर, एंटरप्राइझ अशा सगळ्या मालिकांची पुस्तकं एकमेकांच्या घटना लक्षात ठेवून लिहिली गेली. बंधन नसताना एवढं सांभाळलं, याचं मोल मला फार वाटतं.

म्हणून 'कादंबरीत मेली पण मालिकेत जिवंत' ही चूक नाही. हे दोन वेगळे प्रवाह आहेत. पुस्तक हातात आल्यावर ते कुठल्या प्रवाहातलं हे असं ओळखा:

आधी प्रकाशनाचं साल पाहा. नेमेसिस हा चित्रपट २००२ चा, त्याची कथा २३७९ मध्ये घडते. त्यानंतरच्या काळातली गोष्ट असेल आणि पुस्तक २०२० च्या आधीचं असेल, तर ते बहुधा या सलग सृष्टीतलं. मग मुखपृष्ठावर 'पिकार्ड' किंवा 'डिस्कव्हरी' हे मालिकेचं नाव आहे का ते बघा. असेल तर ते नव्या मालिकांशी जोडलेलं आहे, जुन्या कादंबऱ्यांशी नाही. शेवटी पहिली पानं उघडा. बहुतेक पुस्तकांत सुरुवातीला छोटी कालनोंद असते: ही गोष्ट अमुक साली, अमुक घटनेनंतर घडते. ती नोंद ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारली की नेमका तुम्हाला झालाय तसा गोंधळ होतो.

पुस्तकातून पडद्यावर काहीच जात नाही, असंही समजू नका. मूळ मालिकेतल्या सुलूचं 'हिकारू' हे नाव १९८१ च्या 'द एंट्रॉपी इफेक्ट' या कादंबरीतलं. १९९१ च्या चित्रपटात ते उच्चारलं गेलं आणि पक्कं झालं. नेक्स्ट जनरेशनमधल्या रायकरच्या टायटन जहाजाचा आराखडा कादंबऱ्यांसाठी घेतलेल्या स्पर्धेतून निवडला होता, तो २०२० मध्ये लोअर डेक्स मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटी पडद्यावर आला. नाव जातं, जहाज जातं. मृत्यू मात्र जात नाही, कारण नटनटी जिवंत असतात आणि हक्कदारांना ते पात्र परत लागू शकतं.

---

देवयानी_क

क्रम मी देते. व्हॉयेजरच्या पुस्तकांपुरतंच सांगते, नाहीतर यादी पन्नासावर जाईल.

पहिली अडचण अशी की जेनवेचा मृत्यू व्हॉयेजरच्या पुस्तकात नाहीच. पीटर डेव्हिड यांचं 'बिफोर डिसऑनर' हे नेक्स्ट जनरेशनचं पुस्तक आहे, त्यात मुख्य जहाज कप्तान पिकार्डचं एंटरप्राइझ-ई. त्याच्या आधीचं 'रेझिस्टन्स' (२००७) हवं, कारण त्यात पिकार्डने निकामी केलेला बोर्ग क्यूबच पुढच्या पुस्तकात जागा होतो (बोर्ग म्हणजे माणसांना यंत्रांशी जोडून एकाच समूहमनात ओढणारे शत्रू, क्यूब हे त्यांचं घनाकृती जहाज). जेनवे तो तपासायला जाते, बोर्ग तिला गिळतात आणि तिलाच आपली राणी करतात. क्यूब प्लूटो खातो, मग पृथ्वीकडे वळतो. पूर्वी बोर्गमधून सुटलेली तिची सहकारी सेव्हन तिच्यापर्यंत पोचते, जेनवे आतून झगडते आणि क्यूबबरोबर संपते. शेवटी क्यू या जवळपास सर्वशक्तिमान जीवाची सहचरी तिला न्यायला येते. ती दोन पानं नीट वाचा. परतीचा दरवाजा तिथेच किलकिला ठेवलाय.

त्यानंतर थेट 'फुल सर्कल' (२००९) वर गेलात तर एक दगड पायाखाली येईल. मधे डेव्हिड मॅक यांची 'डेस्टिनी' त्रयी (२००८) आहे. तिच्यात बोर्गचं शेवटचं आक्रमण होतं, त्रेसष्ट अब्ज माणसं मरतात आणि केलियार ही प्रजाती बोर्ग संपवते. व्हॉयेजरचा ताफा डेल्टा क्वाड्रंटमध्ये (आकाशगंगेच्या ज्या दूरच्या भागात व्हॉयेजर आधी अडकलं होतं) परत का जातो, याचं उत्तर हे आहे: बोर्ग खरंच गेलेत का, ते बघायला. त्रयी वाचायला वेळ नसेल तर वरच्या तीन ओळी लक्षात ठेवा, काम भागेल. पण ती वाचावी असंच मी म्हणेन. या अख्ख्या सृष्टीतलं सगळ्यात घट्ट विणलेलं काम आहे ते.

मग कर्स्टन बेयर यांची मालिका, या क्रमाने आणि एकही न गाळता: 'फुल सर्कल' (२००९), 'अनवर्दी' (२००९), 'चिल्ड्रन ऑफ द स्टॉर्म' (२०११), 'द इटर्नल टाइड' (२०१२). जेनवे चौथ्यात परतते. पुढे 'प्रोटेक्टर्स' (२०१४), 'ॲक्ट्स ऑफ कॉन्ट्रिशन' (२०१४) आणि 'अटोनमेंट' (२०१५) ही तीन मिळून एक कथा आहे. मधलं पुस्तक ऐन मोक्याला तुटतं, त्यामुळे तिसरं हाताशी असल्याशिवाय दुसरं उघडू नका. त्यानंतर 'अ पॉकेट फुल ऑफ लाइज' (२०१६), 'आर्किटेक्ट्स ऑफ इन्फिनिटी' (२०१८), 'टू लूज द अर्थ' (२०२०).

'अ पॉकेट फुल ऑफ लाइज' वर लोक हमखास चुकतात. त्यात एका ग्रहावर आपण कॅथरिन जेनवे आहोत असं सांगणारी दुसरीच बाई भेटते. ती 'द इटर्नल टाइड' मधून परतलेली जेनवे नव्हे. दोघींची गल्लत झाली की पुढची दीडशे पानं डोक्यावरून जातात.

'फुल सर्कल'चा पहिला भाग मागे जाऊन २३७८ पासून सुरू होतो आणि त्यात क्रिस्टी गोल्डन यांच्या २००३-०४ च्या चार व्हॉयेजर कादंबऱ्यांचे धागे उचललेत. त्या चार सोडल्या तरी चालतात. लागणारी माहिती बेयर सांगत जातात.

---

काळवेळ

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: शोकाचा अर्थ उरत नाही, निदान पूर्वीइतका नाही.

'फुल सर्कल' पुन्हा उघडून बघा. जेनवे आणि तिचा जुना उपकप्तान चाकोटे व्हेनिसमध्ये भेटायचं ठरवतात. तो तिथे वाट बघत बसतो, ती येत नाही, येते ती बातमी. त्यानंतर चाकोटे इतका खचतो की त्याच्याकडून जहाजाची सूत्रं जातात. सेव्हन, टॉम, डॉक्टर, हॅरी, प्रत्येकाला ती पोकळी वेगळ्या तऱ्हेने खाते. मालिकेच्या सात वर्षांत या लोकांच्या मनात एवढं खोल कुणी उतरलं नव्हतं. ही माणसं तिच्याशिवाय उभी राहायला शिकतात, हीच तर त्या पुस्तकांची कथा होती. आणि उभी राहिल्यावर तिला परत आणलं. मग ती शिकली कशासाठी?

बाहेरचं कारणही लपून राहिलेलं नाही. मृत्यूनंतर चाहत्यांनी तिला परत आणा म्हणून मोहीम चालवली, पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण वाचकांच्या मागणीवर मृत्यू फिरतो असं एकदा दिसलं, की पुढच्या प्रत्येक मृत्यूपाशी वाचक थांबत नाही, फक्त वाट बघतो. 'डेस्टिनी'तल्या त्रेसष्ट अब्जांना कुणी परत आणलं नाही. एका ॲडमिरलला आणलं. हे असमान वजन मला त्या सृष्टीच्या पायात गेलेली भेग वाटते.

---

देवयानी_क

काळवेळ, व्हेनिसबद्दल शंभर टक्के सहमत. निष्कर्षाबद्दल अजिबात नाही.

मुळात दोष मृत्यूत होता, परतण्यात नाही. एका मालिकेच्या नायिकेला दुसऱ्या मालिकेच्या पुस्तकात मारलं, तिची स्वतःची माणसं सेव्हन सोडता जवळपास कुणी आसपास नसताना. त्या पुस्तकाचा भर बोर्ग क्यूब आणि एंटरप्राइझवरच्या बंडावर होता. ते बंडही इतकं ओढूनताणून आणलेलं की पुढच्या 'ग्रेटर दॅन द सम' (२००८) मध्ये नव्या अधिकाऱ्यांच्या त्या वागण्याची सारवासारव करण्यात पानं गेली. अशा ठिकाणी आलेला मृत्यू पात्राच्या प्रवासाचा शेवट नसतो, दुसऱ्याच्या कथेतला एक धक्का असतो. बेयर यांनी तो आधी खरा करून दाखवला. तीन पुस्तकं त्यांनी शोकाला दिली. परत आणायची घाई असती तर 'फुल सर्कल'मध्येच आणलं असतं.

आणि परत आणताना काय काय गेलं ते मोजा. 'द इटर्नल टाइड'मध्ये ताफा पांगतो आणि त्यातली अनेक जहाजं नष्ट होतात. निघाली होती नऊ. ताफ्याची प्रमुख अफसाराह ईडन आणि क्यूचा मुलगा, दोघंही विश्व वाचवताना जातात. ईडन तीन पुस्तकं आपण ओळखत असलेली, आवडलेली व्यक्ती आहे. ती जाते म्हणून जेनवेची जागा रिकामी होते. त्यानंतरही जेनवेला ताफ्याचं नेतृत्व कुणी ताटात वाढून देत नाही. 'प्रोटेक्टर्स'मध्ये तिला पृथ्वीवर बोलावतात, मनाची तपासणी होते, चौदा महिने मेलेली बाई ताफा सांभाळू शकते का हे तिला सिद्ध करावं लागतं. चाकोटेलाही तिला नुसतं मिठीत घेऊन भागत नाही. जिच्याशिवाय जगायला तो शिकला, तीच आता त्याची वरिष्ठ आहे.

आपल्याकडे कचाची गोष्ट आहेच. दैत्यांनी त्याला दोनदा मारलं, शुक्राचार्यांनी संजीवनीने दोनदा उठवलं, त्या दोन वेळा कुणाला ठळक आठवत नाहीत. आठवते ती तिसरी. कचाची राख मद्यातून गुरूच्या पोटात गेलेली, त्याला उठवायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या देतात, मरतात, आणि बाहेर आलेला कच त्यांना उठवतो. त्यानंतर कच देवयानीला नकार देतो, कारण ज्या पोटातून ती आली त्याच पोटातून आता तोही आलाय. परतण्यानेच नातं बदललं. परत आलेलं पात्र जिथे होतं तिथेच, तसंच बसलं, तर ती फसवणूक. परत आल्यामुळे सगळ्यांच्या जागा हलल्या, तर ती कथा. जेनवेच्या बाबतीत जागा हलल्या.

---

सदाशिव_स्टारबेस

चर्चा जेनवेवरच अडकलीय म्हणून बाकीचे तीन परतलेले शेजारी मांडतो. उठवायची तऱ्हा वेगळी की संगतीचा सांधा वेगळ्या जागी निखळतो.

कर्क, मूळ मालिकेचा कप्तान. १९९४ च्या जनरेशन्स चित्रपटात व्हेरिडियन-३ ग्रहावर मेला, पिकार्डने दगड रचून पुरलं. १९९६ च्या 'द रिटर्न'मध्ये रोम्युलन आणि बोर्ग यांच्या युतीने त्याचं शव काढून नेलं, जिवंत केलं आणि पिकार्डला मारायला पाठवलं. लेखक स्वतः शॅटनर, म्हणजे कर्कची भूमिका करणारे नट, जोडीला जुडिथ आणि गारफील्ड रीव्ह्ज-स्टीव्हन्स. पुढे कर्कची आणखी पुस्तकं आली, पण ती सगळी आपल्या वेगळ्या कप्प्यात राहिली. बाकीच्या कादंबऱ्यांत त्या काळात कर्क मेलेलाच आहे. म्हणून 'द रिटर्न' आणि 'डेस्टिनी' एका रांगेत लावायचा प्रयत्न करूच नका. दोन्हींतला बोर्ग वेगळा, इतिहास वेगळा. स्वतंत्र साहस म्हणून वाचलं तर ते पळतं, छान पळतं. गंमत म्हणजे २०२३ मध्ये पिकार्डच्या तिसऱ्या सीझनमध्ये डेस्ट्रम स्टेशनवर कर्कचं जतन केलेलं शव क्षणभर दिसतं. त्यावरून 'द रिटर्न' कॅनन झालं असं काहीजण सांगतात. नाही झालं. शव थडग्यातून हललंय, एवढंच पडद्याने सांगितलं.

ट्रिप टकर, एंटरप्राइझ मालिकेतला मुख्य अभियंता. ही तऱ्हा मला सगळ्यात हुशार वाटते. एंटरप्राइझच्या २००५ मधल्या शेवटच्या भागात तो २१६१ साली मरतो. पण आपण तो मृत्यू थेट बघतच नाही. २३७० मध्ये रायकर होलोडेकवर, म्हणजे आभासी दृश्यं उभी करणाऱ्या खोलीत, इतिहासाची नोंद चालवतो, ती आपल्याला दिसते. 'द गुड दॅट मेन डू' (२००७) म्हणते की ती नोंदच खोटी. ट्रिपने २१५५ मध्येच मृत्यूचं सोंग केलं आणि तो रोम्युलन साम्राज्यात हेर म्हणून गेला. पडद्यावरचा एकही क्षण खोडला नाही, फक्त तो सांगणारा अविश्वासू ठरवला. मूळ भागात सहा वर्षं उलटूनही कुणाला बढती मिळालेली नाही, असल्या खटकणाऱ्या गोष्टी या वाचनाला आयत्याच बळ देतात. आदल्या वर्षीच्या 'लास्ट फुल मेझर'च्या शेवटी म्हातारा ट्रिप जिवंत दाखवून पेरणीही करून ठेवली होती. इथे निखळतं ते कालगणनेचं टोक. २१६१ चा प्रसंग २१५५ मध्ये ओढल्यावर त्या भागातल्या बाकीच्या घटना कुठे बसवायच्या, ते प्रत्येक पुढच्या लेखकाला सांभाळत बसावं लागतं.

डेटा, नेक्स्ट जनरेशनमधला अँड्रॉइड. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण तो एकदा नाही, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने परत आलाय. नेमेसिसमध्ये मरण्याआधी त्याने आपल्या आठवणी बी-फोर या आपल्यासारख्याच अँड्रॉइडमध्ये उतरवल्या होत्या. २००९ च्या 'काउंटडाउन' कॉमिकमध्ये तो बी-फोरच्याच शरीरात जागा होऊन एंटरप्राइझचा कप्तान झालेला आहे. मॅक यांच्या 'कोल्ड इक्वेशन्स' त्रयीत (२०१२) बी-फोरचा मेंदू त्या आठवणींच्या ओझ्याने ढासळतोय. डेटाचा निर्माता नूनियन सूंग मेलेला नसून त्याने स्वतःसाठी अँड्रॉइडचं शरीर बनवलंय, आणि शेवटी तेच शरीर तो मुलाला, म्हणजे डेटाला, देतो, स्वतः पुसला जातो. देवयानीताईंची शुक्राचार्यांची उपमा इथे तर अक्षरशः लागू पडते, फक्त इथे गुरूला परत उठवणारं कुणी नाही. पुढे पिकार्डच्या पहिल्या सीझनमध्ये (२०२०) डेटाचं मन एका आभासी जागेत जपलेलं निघतं आणि तो स्वतःच मरण मागून घेतो. तिसऱ्या सीझनमध्ये (२०२३) पुन्हा नव्या शरीरात, भाऊ लोरबरोबर. कॉमिक, कादंबऱ्या आणि पिकार्ड मालिका यांतली ही परतणी एकमेकांना जोडू नका. 'कोल्ड इक्वेशन्स' वाचायचं असेल तर त्याआधी 'इमॉर्टल कॉइल' (२००२) आणि नंतर 'द लाइट फँटास्टिक' (२०१४) घ्या, कारण डेटा परत आल्यावर त्याची पहिली धडपड मुलगी लालला उठवायची असते, आणि लालची गोष्ट तिथे पुढे जाते.

त्रयीच्या पहिल्याच पुस्तकात एंटरप्राइझची सुरक्षाप्रमुख जस्मिंदर चौधरी मारली जाते. एंटरप्राइझवरच्या वर्फच्या आयुष्यात कित्येक वर्षांनी आलेलं प्रेम. डेटा परत येतो त्याच पुस्तकात ती कायमची जाते, आणि वर्फ ते डेटाच्या तोंडावर बोलून दाखवू शकत नाही. काळवेळ, तुमच्या 'असमान वजना'ची जखम मला खरी जाणवली ती तिथे.

---

काळवेळ

चौधरीचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. कादंबऱ्यांनी स्वतः घडवलेलं पात्र कायमचं मारता येतं, पडद्यावरून आलेलं मारता येत नाही. ईडनही कादंबऱ्यांचीच. म्हणजे किंमत मोजली जाते हे खरं, पण ती दरवेळी पुस्तकातल्याच माणसांच्या खिशातून जाते. टायटनवर, डीप स्पेस नाइनवर अशी किती उत्तम पात्रं या लेखकांनी उभी केली. त्यांना पडद्यावरच्यांसाठी सरपण करू नये, एवढंच माझं म्हणणं.

'द इटर्नल टाइड' वाईट पुस्तक आहे असं मी म्हणत नाही. ईडनच्या जन्माचं कोडं आणि ओमेगा या विध्वंसक शक्तीचा धागा त्यात मालिकेतल्या जुन्या भागांपासून ओढून आणलाय, हवेतून नाही. क्यूच्या मुलाला काळात एका क्षणापुढे काहीच दिसत नाही, या एका गोष्टीवर सगळं उभं केलंय, ते भक्कम आहे.

---

नेब्युलातली_कॉफी

फारच उपयोगी. क्रम उतरवून घेतला.

एक शेवटची शंका. दोन वेगळे प्रवाह, हे वॉर्प_सात यांचं म्हणणं कळलं. पण ते दोन प्रवाह कथेच्या आत कुठे फुटतात? आणि 'कोडा' त्रयी वाचायची की नाही? काहीजण म्हणतात, आधी तीच वाचा म्हणजे सगळं समजतं.

---

वॉर्प_सात

आधी तर मुळीच वाचू नका. 'कोडा' म्हणजे या सृष्टीचा अंत्यविधी आहे. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं काढली त्यांचा निरोप. ओळख नसताना निरोपाला जाऊन काही कळत नाही.

कारण असं. २०२० मध्ये पिकार्ड मालिका आली आणि कादंबऱ्यांची भविष्यकथा तिच्याशी जुळणं अशक्य झालं. मालिकेत २३८५ मध्ये मंगळावर सिंथ, म्हणजे कृत्रिम माणसांचा, हल्ला होतो, कादंबऱ्यांचं २३८५ म्हणजे 'द फॉल' या पुस्तकमालेतली फेडरेशनच्या राष्ट्राध्यक्ष बॅको यांची हत्या, आणि मंगळ जागच्या जागी. मालिकेत बोर्ग शिल्लक आहेत, कादंबऱ्यांत २३८१ मध्येच संपले. जेनवेचंही तसंच: कादंबऱ्यांत ती २३८० मध्ये मेली, प्रॉडिजीत तेव्हा तिला काहीच झालेलं नाही. आणि हे सगळं मोडणाऱ्या पिकार्ड मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक कोण, तर कर्स्टन बेयरच. ज्यांनी जेनवेला उठवलं त्याच. त्यांच्यावर राग धरू नये असं मला मनापासून वाटतं. पडद्यासाठी लिहिताना कादंबऱ्यांचं ओझं तिथे नेता येत नाही, हे आधीच ठरलेलं होतं. व्हॉयेजरची आपली कथा त्यांनी त्याच वर्षी 'टू लूज द अर्थ'ने नीट मिटवली.

लेखकांना ती सृष्टी नुसती थांबवून सोडून द्यायची नव्हती. डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक यांनी २०२१ च्या सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये एकेक पुस्तक काढलं: 'मोमेंट्स असंडर', 'द ॲशेस ऑफ टुमॉरो', 'ऑब्लिव्हियन्स गेट'. त्यांत तुमच्या शंकेचं उत्तर आहे. फर्स्ट कॉन्टॅक्ट चित्रपटात २३७३ मध्ये बोर्ग काळात मागे जातात. तिथेच मूळ धाग्यातून एक फाटा फुटला, आणि २००१ पासूनच्या कादंबऱ्या त्या फाट्यात घडल्या. म्हणजे कादंबऱ्यांतली जेनवे आणि प्रॉडिजीतली जेनवे २३७३ पर्यंत एक, पुढे दोन. त्रयीच्या शेवटी फाट्यातली माणसं मूळ धागा वाचवण्यासाठी आपला फाटा मिटू देतात, आणि ते जाणूनबुजून.

या खुलाशात एक खाच आहे, ती लक्षात ठेवा. व्हॉयेजर २३७८ मध्ये घरी आलं, म्हणजे मालिकेचे शेवटचे सीझन फाटा फुटल्यानंतरचे. तरी ते दोन्ही धाग्यांत सारखेच घडले असं धरून चालावं लागतं. नेमेसिसपर्यंतही तसंच. पडद्यावरचं सगळं दोन्हीकडे समान, फरक फक्त पुस्तकांत. काटेकोर तर्काला हे थोडं खटकतं, पण बरीच नंतरची तारीख घेतली असती तर 'अवतार'सारखी आधीच्या काळातली पुस्तकं बाहेर राहिली असती.

---

देवयानी_क

काळवेळ, सरपणाच्या मुद्द्याला 'कोडा'मध्ये उत्तर आहे असं मला वाटतं. तिथे पडद्यावरचीही सुटत नाहीत. डीप स्पेस नाइनमधली एझ्री डॅक्स पहिल्याच पुस्तकात जाते. फाटा मिटतो तेव्हा जेनवे, ईडनची आठवण, चौधरीची आठवण, सगळं एकाच मापाने जातं, आणि कुणी परत येत नाही.

कॉफी, तुमच्यासाठी एक व्यवहारी सूचना. 'रेझिस्टन्स', 'बिफोर डिसऑनर', जमल्यास 'डेस्टिनी' आणि मग बेयर यांची पहिली चार, एवढं आधी संपवा. 'द इटर्नल टाइड'नंतर लगेच पुढचं उचलू नका. 'फुल सर्कल'मधलं व्हेनिसचं प्रकरण एकदा परत वाचा आणि मग 'प्रोटेक्टर्स' उघडा. चाकोटेच्या वागण्यातल्या बऱ्याच गोष्टी तेव्हा लागतात, एरवी सुटतात. मराठी अनुवाद शोधण्यात वेळ घालवू नका, ई-पुस्तकं घ्या. जुन्या छोट्या आकाराच्या छापील प्रती घेतल्याच तर 'डेस्टिनी'चे तीन सुटे भाग आणि एकत्रित जाड आवृत्ती असे दोन प्रकार मिळतात, मजकूर तोच आहे. तीन सुटे असतील तर क्रम 'गॉड्स ऑफ नाइट', 'मिअर मॉर्टल्स', 'लॉस्ट सोल्स'.

---

काळवेळ

एझ्रीबद्दल बरोबर. 'कोडा'ला त्या दृष्टीने पुन्हा बघतो.

कॉफी, देवयानीताईंच्या यादीत माझी एक भर: 'डेस्टिनी' वगळू नका, तीन ओळींवर भागवू नका. चाकोटे का मोडला हे फक्त जेनवेच्या मृत्यूने पुरतं कळत नाही. ती गेली, आणि पाठोपाठ बोर्गने सगळं जाळलं, हे दोन्ही घाव एकावर एक बसलेत.